मदत हवी आहे : नाहुआत्ल आणि फोन यांची तुलना करताना ‘शब्द’ कशाला म्हणावे?

नमस्कार. मेक्सिकोतील नाहुआत्ल आणि पश्चिम आफ्रिकेतील बेनिनमध्ये बोलली जाणारी फोन या दोन भाषांच्या व्याकरणाची तुलना करणारे टिपण मी लिहीत आहे. ते एका प्रश्नावर अडले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाहुआत्लमध्ये कर्ता आणि कर्म या दोघांच्याही खुणा क्रियापदाला जोडल्या जातात. इतकेच नव्हे, तर कर्माचे नामसुद्धा क्रियापदाच्या पोटात शिरू शकते. ‘नाकात्ल’ म्हणजे मांस, ‘क्वा’ म्हणजे खाणे आणि ‘नि’ म्हणजे मी. ‘मी मांस खातो’ हे ‘निनाकाक्वा’ अशा एकाच शब्दात सांगता येते आणि तेव्हा नामाचा ‘त्ल’ हा प्रत्यय गळून पडतो. फोनमध्ये क्रियापद पुरुष-वचनानुसार मुळीच बदलत नाही. ‘आणणे’ या अर्थासाठी ‘सॉ’ (घेणे) आणि ‘वा’ (येणे) ही दोन क्रियापदे एकाच वाक्यात येतात व आणायची वस्तू त्यांच्या मध्ये बसते. आपल्या ‘घेऊन येणे’मधील ‘ऊन’सारखा दुवा तेथे लागत नाही. अनेकवचनाची ‘लॅ’ ही खूण नामानंतर आणि नेहमीची सवय दाखवणारी ‘नॉ’ ही खूण क्रियापदाआधी, अशा दोन्ही सुट्या लिहितात.

माझी शंका या ‘सुट्या लिहितात’बद्दलच आहे. आपण ‘घरासाठी’ जोडून लिहितो आणि हिंदीत ‘घर के लिए’ तोडून लिहितात, म्हणून तेवढ्यावरून या दोन भाषांची घडण भिन्न ठरवणे मला पटत नाही. नाहुआत्लच्या 16व्या शतकातील हस्तलिखितांतही शब्दांमधील जागा आजच्यासारख्या नियमित नाहीत. तरीही तेथे लेखनापलीकडचे पुरावे मिळतात : वर सांगितलेला प्रत्ययलोप आणि शब्दाच्या उपान्त्य अक्षरावर पडणारा आघात. ‘निनाकाक्वा’मध्ये तो ‘का’वर पडतो, म्हणून तो एकच शब्द आहे असे खात्रीने म्हणता येते.

फोन ही सुरांची भाषा आहे. उच्च आणि नीच सुरांनी तेथे अर्थ बदलतो. मग शेजारच्या सुरामुळे होणारा बदल जेथवर पोहोचतो, तीच शब्दाची सीमा मानता येईल का? तसेच ‘नॉ’ आणि क्रियापद यांच्यामध्ये एखादा शब्द घालता येतो का? फोनचा किंवा तिच्या जवळच्या एवे भाषेचा कोणी अभ्यास केला असल्यास एखाद-दुसरे उदाहरणवाक्य सुरांच्या खुणांसह द्यावे, ही विनंती.