स्टीम बीचच्या पेटीत शिशाच्या खिळ्यांवर पांढरी भुकटी: लाकडाचा रंग आणि आम्लता यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार.

आजोबांच्या छापखान्यातले देवनागरी खिळे (छपाईचे शिशाचे अक्षर-ठसे) गेली ४० वर्षे सागवानी केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या खोक्यात, सुखरूप होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यासाठी स्टीम बीचची (वाफ दिलेल्या बीच लाकडाची), काचेचे झाकण असलेली पेटी करून घेतली आणि एका पावसाळ्यातच खिळ्यांवर पांढरी भुकटी धरली. 'क्ष'ची गाठ तर पार बुजून गेली आहे. (भुकटी शिशाची असल्याने ती फुंकून उडवण्याचा मोह आवरला आहे.)

लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसे गंजले असावे, असा माझा संशय आहे. पण वखारवाल्यांचे म्हणणे असे की, वाफ दिल्यावर लाकडातले आम्ल निघून जाते आणि बीचचा गुलाबीसर रंग ही त्याचीच खूण आहे. मला हे पटत नाही. बीचसारख्या रुंदपर्णी झाडांच्या लाकडात हेमिसेल्युलोजला (लाकडाच्या पेशीभित्तींतल्या एका घटकाला) जोडलेले अ‍ॅसिटिल गट वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के असतात; ओल्या उष्णतेने ते सुटून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, तयार होते आणि ते पुढच्या विघटनाला आणखी वेग देते. रंग मात्र प्रामुख्याने लाकडातल्या फिनॉलवर्गीय द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाने पालटतो. मग बीचला देतात त्या १०० अंशांच्या आसपासच्या वाफेत रंग गडद होणे आणि आम्लता वाढणे यांचे प्रमाण खरोखर जुळते का? फिनलंडमध्ये १९० ते २१२ अंशांवर वाफेच्या आवरणात तापवलेले लाकूड गडद तपकिरी होते, त्याच्याशी याची तुलना कितपत करावी?

दोन्ही लाकडांचा भुसा ऊर्ध्वपातित पाण्यात रात्रभर भिजवून पीएचचा (आम्लता मोजायचा; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) कागद बुडवून पाहिला. बीचचा आकडा ४ आणि ५ यांच्या मध्ये आला, सागाचा ६ च्या जवळ. तरीही सगळा दोष बीचवर ढकलायला मन धजत नाही, कारण जुनी केस उघडी होती आणि नवी पेटी घट्ट बंद होते, त्यामुळे आम्लाची वाफ आतच साठत असणार.

पेटी काही महिने उघडी ठेवल्याने हे आम्ल पुरेसे उडून जाईल, की आतून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा पन्नी लावावीच लागेल? सुतार चपड्याचे (लाखेच्या रोगणाचे) दोन हात पुरेसे आहेत म्हणतो. बंद पेटीत चपडा आम्लाची वाफ कितपत अडवतो, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले असेल त्यांनी कृपया सांगावे. तोवर खिळे काचेच्या बरण्यांत काढून ठेवले आहेत.