रक्तातली बुरशी: आयसीयूतलं चित्र वेगळं आहे

रक्तात बुरशी फक्त कॅन्सर किंवा एचआयव्हीच्या पेशंटला होते, असा समज असतो. आपल्याकडे तसं दिसत नाही. २०१५ साली आलेल्या अभ्यासात देशातल्या २७ आयसीयूंमधले, रक्तात कॅन्डिडा ही बुरशी झालेले १४०० रुग्ण होते, म्हणजे हजार भरतींमागे साधारण साडेसहा. त्यातले बरेच जण भरती होताना फारसे गंभीर नव्हते. साधारण आठव्या दिवसाच्या आसपास संसर्ग उघड झाला.

वाट बहुधा आपणच करून देतो. मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), शिरेतून पोषण, पोटाचं ऑपरेशन आणि वर अँटिबायोटिक्सचा मारा! आतड्यातले जिवाणू मेले की कॅन्डिडाला रान मोकळं.

पाश्चात्त्य पुस्तकांत कॅन्डिडाची अल्बिकन्स ही जात आघाडीवर असते, या अभ्यासात मात्र ट्रॉपिकॅलिस सर्वाधिक, ४१.६ टक्के. ऑरिस तेव्हा पाचेक टक्केच होती, पण खरी डोकेदुखी तीच. २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात सापडलेली ही बुरशी पलंगाच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर चिकटून राहते आणि फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाला सहसा जुमानत नाही.

आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात ते निम्म्या वेळा चुकतं.