मदत हवी आहे : बी.कॉम. नंतर सीएफपी, नोकरी सांभाळून

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची, बी.कॉम. झाले आहे आणि एका पतसंस्थेत काम करते. आता सर्टिफाइड फायनान्शियल प्लॅनर, म्हणजे सीएफपी करायचं मनात पक्कं आहे.

कारण सांगते. आमच्या काकांना निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून कोणीतरी दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी गळ्यात मारली. पगार बंद, पेन्शन तुटपुंजी, आणि हप्ता मात्र सुरू! अशा माणसांना कमिशनवर नजर न ठेवता नीट सल्ला देणारं कोणीतरी आपल्या गावात हवंच.

सीएफपीची पात्रता देणाऱ्या एफपीएसबी इंडिया या संस्थेच्या नियमित मार्गात गुंतवणूक, निवृत्ती व कर, जोखीम व वारसा नियोजन असे तीन स्पेशालिस्ट अभ्यासक्रम, आणि शेवटी सगळं एकत्र आणणारा इंटिग्रेटेड टप्पा आहे. त्यात पूर्ण आर्थिक आराखडा करावा लागतो, मला धास्ती त्याचीच. सूत्रं पाठ होतात, पण एका कुटुंबाचं कर्ज, मुलांचं शिक्षण आणि निवृत्ती एकाच तक्त्यात बसवायचं कुठे शिकायचं?

ज्यांनी नोकरी करत हे केलंय त्यांनी कृपया सांगा : सुरुवात कोणत्या विषयापासून केलीत? क्लास लावावा की घरी जमतं? आधी एनआयएसएम या शेअर बाजारविषयक प्रशिक्षण संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा (100 गुण, 50 ला पास) देऊन ठेवली तर पुढच्या अभ्यासाला हातभार लागतो का? आणि शुल्क टप्प्याटप्प्याने भरलंत की एकदम?

मराठीतून कोणी नोट्स काढल्या असतील तर जरूर कळवा.