जुन्या गाडीचं ऑइल गळणं: तुमचे अनुभव

घमेलेवाला
काल सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी पार्किंगमधल्या तेलाच्या डागाचा फोटो टाकला. "संबंधितांनी त्वरित साफ करावे, अन्यथा..." वगैरे. पावसाचं पाणी आत आलेलं आणि त्यावर रंगीत तवंग. लोक एकमेकांच्या गाड्यांखाली वाकून बघायला लागले आणि मला आमचं सोलापूरचं अंगण आठवलं.

बाबांची पद्मिनी, ८६ सालची. तिच्याखाली कायम एक घमेलं. गाडी आत आली की आई आधी घमेलं सरकवायची, मग बाबांना चहा. तेल पडायचं इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत बरोबर तिथून. त्यामुळे जो बघेल तो म्हणायचा, "मागून क्रँकमधून येतंय, इंजिन उतरवावं लागेल." (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा.) खर्च ऐकला की बाबा म्हणायचे, तेल स्वस्त आहे, टाकत राहू.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री आले. म्हणाले, उतरवायचं नंतर बघू, आधी धुऊ. रॉकेल, जुना ब्रश, चिंध्या. इंजिन आरशासारखं नाही, पण निदान मूळ रंग दिसेल इतकं साफ केलं. उन्हात वाळू दिलं आणि आईकडे पावडरचा डबा मागितला. तोंडाला लावायची पावडर! आईचा चेहरा बघण्यासारखा होता. सगळ्या जोडांवर पावडर उडवली, बाबांना गाडी फिरवून आणायला लावली. परत आल्यावर बॉनेट उघडलं तर पांढऱ्यावर एक काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) मागच्या कोपऱ्यातून निघून इंजिनच्या पाठीवरून खाली गेलेली. कॉर्कचं पॅकिंग कडक होऊन चिरलं होतं. शिवाय गळतंय म्हणून दर वेळी कोणीतरी नट आवळायचं, त्यात कव्हरचा पत्राच वाकलेला. मिस्त्रींनी कव्हर लाकडी ठोकळ्यावर ठेवून कडा सरळ केल्या, नवीन कॉर्क घातला. एवढंच.

तुमच्या गाड्यांचे किस्से लिहा. कुठलीही गाडी चालेल.

चिंचपोकळी_टू_चिपळूण
पावडर!!! आमच्याकडे घमेलं नव्हतं, बेकरीचा जुना ट्रे होता. त्यात जमलेलं तेल वडील गेटच्या बिजागरीला घालायचे.

पाना१२
तुमच्या मिस्त्रींना दंडवत. तेल वरून खाली येतं आणि गाडी पळत असेल तर वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. सर्वात वरचा ओला भाग शोधायचा.

माझी कार्बोरेटरवाली मारुती ८००. हिच्यात डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, टोकाला आडवा बसतो, कॅमवर चालतो आणि त्याखाली थेट गिअरबॉक्स. तिथल्या केसची रबरी ओ-रिंग वयाने कडक होते, तेल झिरपतं आणि सगळं गिअरबॉक्सवर उतरतं. एका गॅरेजने (नाव नको) सरळ सांगितलं, फ्लायव्हील साइडचं, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं सील (तेल अडवणारी रबरी रिंग) गेलं, गिअरबॉक्स उतरवायचा, क्लचही बदलून टाकू. मी म्हटलं आधी बॅटरी काढून टॉर्च मारून बघू. डिस्ट्रिब्युटरच्या पोटाखाली बोट फिरवलं तर चिकट काळं. त्याच्या वर सगळं कोरडं. रिंग चहा-वड्याच्या किमतीत आली. फक्त डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याची जागा खुणेने आखून ठेवा, नाहीतर टायमिंग हलतं.

सुमाक्का
आमचं उलटं होतं. डाग कुठेच नाही आणि तेल गायब.

जुनी एस्टीम. संक्रांतीला मुंबईहून नाशिकला येत होतो. कसारा चढताना वळण आलं की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा, सरळ रस्ता आला की बंद. हे म्हणाले सेन्सरचं काहीतरी असेल, इगतपुरीला बघू. मी म्हटलं आत्ता थांबवा. थांबलो, बॉनेट उघडलं, थोडा वेळ जाऊ दिला, तेल मोजायची गेज काढली तर टोकाला कसंबसं लागलेलं. मागे एक ट्रक थांबला होता. त्या दादांनी त्यांच्या कॅनमधलं तेल दिलं. पैसे घेईनात. मग तिळाच्या वड्यांचा डबाच दिला हातात. डबा सासूबाईंचा होता, ते अजून ऐकते.

नंतर आमच्या मेकॅनिकने शोधलं. ऑइल प्रेशरचा स्विच. त्याच्या आतला पडदा फाटून तेल वायरच्या कनेक्टरमधून बाहेर यायचं. इंजिन चालू असेल तरच प्रेशर, म्हणून तरच गळती. घरी उभी केली की एक थेंब नाही. सगळं तेल रस्त्यावर.

पाना१२
सुमाक्का, थांबलात ते फार बरं झालं. तो लाल दिवा तेलाच्या पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो. तो लागला म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाहीये. बहुतेक गाड्यांत गेजवरच्या दोन खुणांमध्ये जवळपास एक लिटर मावतं आणि दिवा लागतो तो त्याच्याही बराच खाली गेल्यावर.

नागपुरी_संत्री
अॅम्बेसेडरवाले कोणी आहे का? आमच्या काकांकडे होती, जुन्या १४८९ सीसी पेट्रोलची. तिच्यात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. क्रँकवर उलट्या आट्या पाडलेल्या, फिरताना तेल आत ढकलतात. इंजिन बंद झालं की आट्या काय करणार, दोन थेंब खाली. काकांचं म्हणणं, गळायचं थांबलं की घाबरायचं, म्हणजे तेल संपलं.

चिंचपोकळी_टू_चिपळूण
हा विनोद येणारच होता, मी वाट बघत होतो.

नागपुरी_संत्री
काकांचा आहे, त्यांना सांगा. ८१ वर्षांचे आहेत, अजून गाडी विकत नाहीत.

मिस्त्री_इस्लामपूर
नमस्कार मंडळी. गॅरेजात बसूनच लिहितोय, चुकभूल माफ. सगळे पॅकिंग आणि सीलवर बोलताय पण ब्रीदरचं कोण बोलंना. इंजिन चालताना थोडा गॅस पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरात, म्हंजे तेलाच्या टाकीत, येतोच. तो बाहेर काढायला ब्रीदरचा पाइप असतो, नव्या गाड्यांना पीसीव्ही वॉल्व्ह. तो चोक झाला की आत प्रेशर धरतंय. मग तुम्ही कितीबी नवीन सील टाका, महिनाभरात परत गळणार. माझ्याकडं गाडी येती, गिऱ्हाईक म्हणतंय की सील डुप्लिकेट होतं. सील चांगलं असतंय बिचारं.

सोपी परीक्षा. इंजिन आयडलला ठेवा, तेल टाकायचं झाकण काढा, तोंडावर कागद धरा. पीसीव्हीवाल्या गाडीत कागद हलका आत ओढला पाहिजे. फुर्रफुर्र बाहेर ढकलत असेल तर आधी ब्रीदर साफ करा. तेवढ्यानं भागलं तर सील घ्यायची गरज न्हाई.

विरार_फास्ट
मिस्त्री दादा, संध्याकाळी बघतो आणि सांगतो. माझ्या झेनचं पुढचं सील दोनदा टाकून झालंय.

जर्सीतली_मालवणी
इथे न्यू जर्सीत मजुरीच इतकी की माणूस आपोआप मेकॅनिक होतो. आमच्या वीस वर्षं जुन्या सेडानचं इंजिन थरथरायला लागलं. स्पार्क प्लगची वायर ओढली तर टोक तेलात बुडून आलेलं. प्लगच्या विहिरीभोवती गोल सीलं असतात, ती टॅपेट कव्हरच्या पॅकिंगबरोबर कडक होतात आणि विहिरीत तेल भरतं. बाहेर एक थेंब नाही. आधी विहिरीतलं तेल टिपून घ्यायचं, मगच प्लग काढायचा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये.

एक सावधगिरी. कव्हरचे बोल्ट फार हलके आवळायचे असतात, आकडा इंच-पौंडात दिलेला असतो. तो फूट-पौंडात वाचला तर १२ पट जोर लागतो आणि बोल्ट हातात येतो. आवळताना मधून बाहेर, क्रमाक्रमाने.

ड्राइव्हवेवरच्या तेलावर इथे मांजराची वाळू टाकतात. तेल शोषून घेते.

सुमाक्का
मांजराची वाळू म्हणजे?

जर्सीतली_मालवणी
घरातल्या मांजरांच्या शी-शूसाठी मिळते गं, मातीचे बारीक खडे. पिशवीभर आणून ठेवायची.

सुमाक्का
आमची मांजरं शेजाऱ्यांच्या कुंड्यांत जातात. चालू द्या.

पेडण्याचो_पाव
आमच्याकडे जांभा दगड. पावसात रस्त्यावर पाणी, खाली काय आहे दिसत नाही, चेंबर आपटला. पत्रा चिरला आणि बारीक धार. भावाने एम-सील आणलं, पण ओल्या तेलावर ते धरत नाही. तेल पूर्ण काढलं, पेट्रोलने पुसलं, पॉलिश पेपर मारला, मग लावलं आणि रात्रभर ठेवलं. म्हापशापर्यंत नेण्यापुरता जुगाड. नंतर चेंबर उतरवून वेल्डिंग केलं. वेल्डरने आधी चेंबर धुऊन घेतला, आत तेल असताना तो हात लावेना. बरोबरच आहे त्याचं.

गिअरबदलू
धागा वाचून आत्ता खाली जाऊन आलो. माझ्याकडे ड्रेन बोल्टशी थेंब आहे. हेही सील का?

पाना१२
आधी वायसर बघा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा असतो, दाबला जाऊन बसतो, दर वेळी नवीन टाकायचा. तो पाच-दहा रुपयांचा असतो म्हणून कोणी बदलत नाही. बोल्ट आणखी आवळत बसू नका, आटे गेले तर चेंबर गेला. नुकतंच ऑइल बदललंय का? मग फिल्टरही बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. नवा फिल्टर तिच्यावरच चढवला की दोन रिंगा एकावर एक, आणि गाडी तापली की धार.

गिअरबदलू
गेल्याच आठवड्यात सर्व्हिस झाली. वायसर जुनाच दिसतोय, चपटा. बघतो.

कोथरूडकर_नाही
क्रँकचं मागचं सील खरंच गेलं असेल तर किती येतो खर्च? सील शंभर-दोनशेचं म्हणतात आणि बिल हजारांत.

मिस्त्री_इस्लामपूर
सगळी मजुरी हाय साहेब. गिअरबॉक्स उतरल्याशिवाय सील दिसतच न्हाई. म्हणून उतरवलाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग तेव्हाच बघून घ्या. आणि त्या आधी खात्री. इंजिनचं तेल काळं, पातळ. गिअरचं जाड आणि गंधकासारखा वास. बऱ्याचदा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलेलं असतंय आणि आपण क्रँकला शिव्या देतोय.

तुळशीबागेतली
रॉकेल, डिझेलने इंजिन धुवू नका हो आता. रबरी पाइप फुगतात आणि गरम इंजिनवर पेट घेण्याची भीती. डीग्रीझरचा स्प्रे मिळतो. गार इंजिनवर मारा, अल्टरनेटर प्लास्टिकच्या पिशवीने झाका. प्रेशरचं पाणी तर नकोच. आमच्या शेजाऱ्यांची गाडी वॉशिंग सेंटरहून टो करून आणली.

घमेलेवाला
एवढे प्रतिसाद! सगळ्यांना थँक्यू. सोसायटीचा ताजा हाल: वॉचमनकाकांनी रात्री संशयित गाड्यांखाली पुठ्ठे सरकवले. सकाळी एका पुठ्ठ्यावर डाग, तो लालसर. म्हणजे इंजिनचं नाहीच, पॉवर स्टिअरिंगचं असणार. गाडीचे मालक गावाला गेलेत. डाग कसा घालवायचा? पेव्हर ब्लॉक आहेत.

चिंचपोकळी_टू_चिपळूण
ब्लॉक उपटा, उलटा करून बसवा.

तुळशीबागेतली
कोरडं सिमेंट पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा, मग कपड्यांची पावडर आणि तारेचा ब्रश. थोडा पुसट राहतोच.

काळीपिवळी
पद्मिनी वाचून राहवलं नाही. माझे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या तेव्हा त्यांना टीव्हीवर दाखवलं, काही बोलले नाहीत. कॉर्कचं पॅकिंग ते स्वतः कापायचे. कव्हर शीटवर ठेवून पेन्सिलने आखायचं आणि ब्लेडने कापायचं, भोकं पाडायला जुन्या छत्रीची नळी. आता असं पॅकिंग कुठे मिळतं का?

पाना१२
पुण्यात नाना पेठेत विचारा, कॉर्क-रबरची शीट मिळते. कुर्ल्याला सीएसटी रोडला जुने कव्हरही मिळेल, पण कड वाकलेली आहे का ते काचेवर ठेवून बघून घ्या.

विरार_फास्ट
मिस्त्री दादा, आत्ता केलं. कागद बाहेर ढकलतोय, बराच जोरात. ब्रीदरचा पाइप काढून फुंकला, मोकळा आहे.

मिस्त्री_इस्लामपूर
धूर कसला? सकाळी नव्हं, गाडी पळवून मग अॅक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर.

विरार_फास्ट
निळसर आहे थोडा. तेलही मागते. मुलगा म्हणतो बाबा तुमच्या गाडीला वास येतो.

मिस्त्री_इस्लामपूर
मग सीलला हात लावू नका. कॉम्प्रेशन, म्हंजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, गेज कुठल्याबी बऱ्या गॅरेजात असतो. आधी कोरडं मोजायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत. तेल सोडल्यावर आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. न्हाई चढला तर वॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. चारी सिलिंडरचे आकडे इथं टाका, मग बोलू.

विरार_फास्ट
रविवारी करून टाकतो.