मदत हवी आहे: औषध कंपनीने एमआर (विक्री प्रतिनिधी) वाढवले आणि शेअर पडला. आईचे शेअर ठेवावेत की विकावेत?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा एमआर होते. हेडक्वार्टर, म्हणजे जिथून फिरतीचा भाग सांभाळायचा ते गाव, अमरावती; एकाच कंपनीत २६ वर्षं. परतवाडा, दर्यापूर, मोर्शी, वरूड हा सगळा भाग त्यांनी आधी लूनावर आणि मग मोटरसायकलवर पालथा घातला. कंपनी मुंबईची, तेव्हाही छोटी आणि आजही छोटीच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कंपनीबद्दल मत नकोय, विचार कसा करायचा ते हवंय.

निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून बाबांनी २०१६ साली त्याच कंपनीचे शेअर घेतले. "मी ज्या गोळ्या विकल्या त्या चांगल्या होत्या," एवढंच कारण त्यांनी आम्हाला सांगितलं होतं. गेल्या वर्षी बाबा गेले. शेअर आता आईच्या डीमॅटमध्ये आले आहेत आणि तिच्या एकूण बचतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात आहे.

मागच्या पंधरवड्यात तिमाहीचे निकाल आले. विक्री ठीक होती. पण कॉन्फरन्स कॉलवर व्यवस्थापनाने सांगितलं की सध्याच्या सुमारे ६०० प्रतिनिधींमध्ये आणखी २५० घेणार. त्वचारोगाचं एक आणि डायबेटिसचं एक अशी दोन नवी डिव्हिजन उघडणार, भर लहान शहरांवर. दुसऱ्या दिवशी शेअर ८ टक्के पडला, आठवडाभरात १७ टक्के.

मला हे उलटंच वाटलं. बाबांच्या वेळी नवी माणसं घेतली की घरात आनंद असायचा, कंपनी वाढतेय म्हणून. इथे माणसं वाढवली आणि लोक पळाले. ब्रोकर म्हणतो विकून टाका, धाकटा भाऊ म्हणतो अजून घेऊ. आई काहीच बोलत नाही, फक्त रोज संध्याकाळी भाव विचारते.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकडेमोडीची भीती नाही. कुठले आकडे बघायचे हेच कळत नाही. भाव पडला तो बाजार घाबरट म्हणून की खरंच धोका आहे म्हणून? माणसं वाढवण्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे बाहेरून किती दिवसांत कळतं? इथे कुणी या धंद्यातले असतील तर कृपया लिहा. फार गरज आहे.

प्रतिसाद १

ताई, मी नागपूरला एरिया मॅनेजर होतो, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तुमचे वडील ज्या भागात फिरत त्याच भागात माझीही माणसं काम करायची. जरा सविस्तर लिहितो.

आमच्या धंद्यात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो, पीसीपीएम. म्हणजे एका प्रतिनिधीमागे महिन्याला होणारी विक्री. कंपनीची देशातली विक्री भागिले प्रतिनिधी भागिले बारा, झालं. आता समजा एका नव्या प्रतिनिधीवर पगार, टीए-डीए, सॅम्पल, त्याच्यावरचा मॅनेजर असं सगळं धरून महिना ६० हजार खर्च येतो. २५० माणसांचे महिन्याला दीड कोटी, वर्षाला १८ कोटी. आता समजा १०० रुपयांच्या विक्रीत माल बनवण्याचा खर्च वजा जाता ६५ उरतात. मग नव्या माणसाने निदान ९२ हजारांची विक्री केली तरच तो स्वतःचा खर्च भागवतो. तुम्ही गणिताच्या बाई आहात, कंपनीचे खरे आकडे घालून हे करून बघा. माझ्या अनुभवात नव्या हेडक्वार्टरला पहिल्या सहा महिन्यांत हा टप्पा गाठणारे थोडेच. डॉक्टर चौथ्या-पाचव्या कॉलपर्यंत, म्हणजे भेटीपर्यंत, नीट नावही लक्षात ठेवत नाही. दीड-दोन वर्षं धरा. तोवर खर्च तेवढा दिसणार, म्हणून बाजार पडतो.

पण मग छोटी कंपनी हे करते कशाला? दुसरी वाट फारशी नाही म्हणून. सरकारी यादीतल्या औषधांचे भाव घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणेच वाढवता येतात. २०२३ मध्ये ती वाढ १२ टक्क्यांच्या वर मिळाली, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य, २०२५ मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आत. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला १० टक्क्यांची मर्यादा. भाववाढीवर किती दिवस काढणार? त्यात मार्च २०२४ ला औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आली. भेटवस्तू आणि सहली बंद, सॅम्पलची एकूण किंमत देशातल्या विक्रीच्या २ टक्क्यांच्या आत. आता डॉक्टरपुढे उभा राहणारा माणूस हेच कंपनीचं भांडवल. मॅनकाइंड या औषध कंपनीने १९९५ मध्ये २५ प्रतिनिधींवर सुरुवात केली होती, आणि मोठ्या कंपन्या जिथे जात नव्हत्या त्या गावांत जाऊनच ती मोठी झाली.

आता तुम्ही काय तपासायचं. नवी माणसं नव्या गावांत नव्या डॉक्टरांकडे जाणार, की जुन्याच हेडक्वार्टरचे दोन तुकडे होणार? तुकडे केले तर जुन्या माणसाचे निम्मे डॉक्टर जातात, टार्गेट मात्र तेवढंच राहतं, आणि वर्षभरात तो राजीनामा देतो. त्याच्याबरोबर वीस वर्षांची ओळख जाते. म्हणून २५० घेतले यापेक्षा जुन्या ६०० पैकी किती सोडून गेले, हा प्रश्न मोठा.

दुसरं, डिव्हिजन कोणतं. त्वचेचं मला पटतं. त्वचेच्या डॉक्टरांची संख्या कमी, लक्ष ठेवता येतं, रुग्ण ब्रँड सहसा बदलत नाही. डायबेटिसची मला काळजी वाटते. एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या औषधाचं पेटंट मार्च २०२५ ला संपलं आणि काही दिवसांत डझनावारी ब्रँड बाजारात उतरले, भाव धाडकन खाली आले. त्या गर्दीत छोट्या कंपनीचा नवा पोरगा डॉक्टरला वेगळं काय सांगणार?

तिसरं, आणि हे सांगताना वाईट वाटतं. प्रायमरी आणि सेकंडरी यांत फरक करा. कंपनीकडून स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, माल गेला की कंपनीच्या वहीत विक्री झाली, ही प्रायमरी. तो पुढे केमिस्टकडे गेला की नाही ते वेगळं, ती सेकंडरी. नवी माणसं, नवी टार्गेटं, महिनाअखेर, मग स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारला जातो. दोन तिमाह्या विक्री छान दिसते, नंतर एक्सपायरीचा माल परत यायला लागतो. माझ्या एका टीममध्ये हे झालं आणि मी ते थांबवू शकलो नाही, याचं आजही दुःख आहे.

प्रतिसाद २

मी सीए आहे. वर काकांनी सांगितलेलं बाहेरून पकडायचं असेल तर ताळेबंदातली येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे अजून यायचे पैसे, बघा. ताळेबंद सहा महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांसोबतच जाहीर होतो. विक्री १५ टक्क्यांनी वाढली आणि येणी ४० टक्क्यांनी, तर माल स्टॉकिस्टकडे पडून असण्याची शंका घ्यायला जागा आहे.

शिवाय कारखाना बांधला तर तो मालमत्तेत जातो आणि खर्च वर्षानुवर्षं थोडा थोडा घसाऱ्याने दिसतो. माणसं नेमली, शिकवली, ब्रँडची जाहिरात केली, तर लेखा मानकाप्रमाणे तो सगळा खर्च त्याच तिमाहीत नफ्यातून वजा होतो. म्हणून चांगला विस्तारसुद्धा सुरुवातीला वाईट दिसतो.

विकायचं ठरलं तर करासाठी: वारशाने आलेल्या शेअरना वडिलांचीच खरेदी किंमत आणि तारीख लागू होते. खरेदी २०१६ ची असल्यामुळे ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरण्याचा फायदा मिळतो का, तेही तपासा. दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. "गळ्यात माल मारणे" ऐकल्यावर ती म्हणाली की बाबा महिनाअखेरीला जेवायचे नाहीत ते यामुळेच. मला हे आजवर माहीत नव्हतं.

प्रतिसाद ३

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे अमॅरिन नावाची छोटी कंपनी आहे, तिचं ऑफिस आमच्याच भागात, आधी बेडमिन्स्टरला, मग ब्रिजवॉटरला. माझे पैसे तिच्यात होते, म्हणून तारखा पाठ आहेत.

त्यांचं एकच औषध, व्हॅसेपा. माशाच्या तेलातून शुद्ध केलेला घटक. सप्टेंबर २०१८ मध्ये आठ हजारांवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात अशा घटनांचा धोका २५ टक्क्यांनी कमी. एका दिवसात शेअर ३ डॉलरवरून १२ च्या वर गेला. तेव्हा त्यांच्याकडे साधारण १५० विक्री प्रतिनिधी होते. २०१९ च्या सुरुवातीला ते ४०० केले. जुलैमध्ये १८ डॉलरने नवे शेअर विकून ४० कोटी डॉलर उभे केले. डिसेंबरात औषधाच्या वाढीव वापराला परवानगी मिळाली आणि संख्या ८०० वर न्यायचं ठरलं. आम्ही सगळे खूश होतो. माणसं वाढवणं म्हणजे आत्मविश्वास, असंच वाटायचं.

पुढे मार्च २०२० मध्ये कोविडमुळे दवाखान्यांची दारं प्रतिनिधींना बंद झाली आणि ३० मार्चला नेवाडाच्या कोर्टाने पेटंटं अवैध ठरवली. शेअर सुमारे ७० टक्के कोसळला. समोर लढणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक आपल्या हैदराबादची डॉ. रेड्डीज. विक्री २०२० मध्ये ६१ कोटी डॉलरपर्यंत गेली खरी, पण २०२२ मध्ये ३७ कोटींच्या आसपास आली. त्याच वर्षी प्रतिनिधी ७५ वर आणायचं जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतली उरलेली सगळी विक्री पदंही रद्द केली.

प्रतिनिधी वाईट नव्हते. पण इथे डॉक्टरने व्हॅसेपा लिहिलं तरी फार्मसी तेच औषध जेनेरिकमध्ये देऊ शकते. प्रतिनिधीने मेहनत करायची आणि विक्री दुसऱ्याची व्हायची. भारतात डॉक्टर ब्रँडचं नाव लिहितो आणि केमिस्टने परस्पर बदलून देणं नियमात बसत नाही, त्यामुळे तिथे प्रतिनिधीची मेहनत ब्रँडला चिकटून राहते. म्हणून तुमच्या कंपनीला जरूर विचारा: नव्या डिव्हिजनची औषधं स्वतःच्या ब्रँडची आहेत की दुसऱ्याकडून विकायला घेतलेली? करार संपला की निघून जाणारं औषध असेल तर ती २५० माणसं दुसऱ्याची बाग वाढवतायत. आणि पैसा कुठून येतोय तेही बघा. नफ्यातून की कर्ज काढून की नवे शेअर काढून.

धागाकर्ती

तिघांचंही वाचून काल रात्रभर बसले. कंपनीचे पाच वर्षांचे अहवाल काढले. कर्ज जवळजवळ नाही, नवे शेअर काढलेले नाहीत, येणी विक्रीच्याच वेगाने वाढली आहेत. त्वचेची औषधं स्वतःची आहेत. डायबेटिसच्या गोळ्यांबद्दल अहवालात स्पष्ट काही नाही, आणि जुने प्रतिनिधी किती सोडून गेले तेही सापडलं नाही. हे दोन प्रश्न कंपनी सेक्रेटरींना ईमेलने विचारले आहेत. शेअरधारकाने विचारायला हरकत नाही ना? ईमेल आईच्या नावाने गेला आहे आणि खाली तिने स्वतःहून लिहायला लावलं, "माझे यजमान आपल्या कंपनीत २६ वर्षं होते."

तिसरा हिस्सा एकाच कंपनीत ठेवायचा नाही, एवढं मात्र आम्ही ठरवलंय, मग उत्तर काहीही येवो. निम्मे शेअर या महिन्यात विकू. उरलेल्यांचं सप्टेंबरचा ताळेबंद बघून ठरवू.

आता एकच विनंती. अमरावती, अकोला किंवा यवतमाळला कुणाची ओळखीची स्टॉकिस्ट फर्म असेल तर मला व्यक्तिगत संदेश करा. त्वचेच्या मलमांचा क्लोजिंग स्टॉक, म्हणजे महिनाअखेर उरलेला माल, महिन्याला वाढतोय की कमी होतोय, एवढंच मला विचारायचं आहे. नाव सांगू नका, बिलं दाखवू नका, फक्त वाढतोय की कमी होतोय. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः येऊन भेटेन.