झोआंथिड मिटून आहेत. माझ्या टाकीत काय चुकते आहे?

प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात राहतो. फेब्रुवारीत मी प्रवाळांसाठी २०० लिटरची टाकी सुरू केली. दगड आणि वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी १७० लिटरच्या आसपास असावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री झाल्यावरच, म्हणजे सुमारे दीड महिन्याने, दोन क्लाऊनफिश सोडले आणि नंतर झोआंथिडचा (प्रवाळाच्या कुळातला, फुलांच्या गुच्छासारखा दिसणारा समुद्री जीव) एक लहान तुकडा बसवला. सुरुवातीला त्याचे सगळे पॉलिप, म्हणजे गुच्छातली एकेक फुले, छान उमलत होते, पण गेल्या आठवड्यापासून ते मिटूनच आहेत आणि वाळूवर तपकिरी थर धरू लागला आहे.

उन्हामुळे तापमान २९ अंशांवर जाऊ लागले म्हणून दहा दिवसांपूर्वी पाण्यावर वारा लागेल असा पंखा बसवला. तापमान २६ वर आले, मात्र रोज जवळजवळ ३ लिटर पाणी उडून जाते आणि तेवढेच मिठाचे पाणी मी न चुकता भरतो. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचे आहे. पाण्याची घनता मोजणारा काटेवाला हायड्रोमीटर १.०२५ दाखवतो, म्हणजे खारटपणा बरोबर आहे. एक दुकानदार कठीण (दगडासारख्या सांगाड्याचे) प्रवाळही मिळवून देतो म्हणतो. ते घ्यावे का, आणि झोआंथिड वाचवण्यासाठी काय करावे?

उत्तर १

आपल्या प्रश्नातच कारण आले आहे. टाकीतून उडून जाते ते फक्त पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरायची असते आणि मिठाचे पाणी फक्त पाणी बदलताना वापरायचे असते. दहा दिवसांत आपण ३० लिटर मिठाचे पाणी भरले. लिटरमागे ३५ ग्रॅम धरले तर एक किलोहून अधिक जादा मीठ टाकीत गेले आहे आणि खारटपणा ३५ वरून ४१ च्या आसपास पोचला असणार. हायड्रोमीटरवर विसंबू नका. काट्यावर मिठाचा थर बसला की तो जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा मोजणारे उपकरण) मिळवा आणि तो साध्या पाण्यावर न जुळवता ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या.

आता घाई मात्र करू नका, कारण झोआंथिडला चढलेल्या खारटपणाइतकाच तो एकदम उतरण्याचाही त्रास होतो. रोज ५ लिटर टाकीतले पाणी काढून तेवढेच गोडे पाणी हळूहळू सोडले, तर पाच-सहा दिवसांत आपण ३५ वर याल. उडणारे ३ लिटर त्याशिवाय वेगळे भरायचे. पंखा काढण्याचे काहीच कारण नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावते आणि पंख्याचा उपयोग घटतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

उत्तर २

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पाण्याबद्दल थोडी भर घालतो. घरातला आरओ पिण्यासाठी असतो आणि चव राहावी म्हणून बहुतेक यंत्रांत थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे मुद्दाम परत मिसळली जातात. टाकीला टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असलेले पाणी लागते, त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार काढून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा जोडावा. तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शेवाळाचा आहे. नव्या टाकीत तो येतोच, पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतो आणि खाद्य संपले की ओसरतो. त्यासाठी औषध घालू नका. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध तर या टाकीत कधीच नको, कारण त्याने प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

कठीण प्रवाळाचा विचार सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे आणि त्याची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मी प्रवाळ पाण्याखाली जाऊन पाहिले आहेत. त्या समुद्रातला तुकडा काचेच्या टाकीत जगवण्याची उमेद मला कधीच वाटली नाही.

उत्तर ३

एक धोक्याची सूचना. काही झोआंथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. तुकडा हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरा, आणि तो मेला तरी दगड उकळत्या पाण्याने स्वच्छ करू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली माणसे आजारी पडू शकतात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणून पाहिले तर आकडा ४० निघाला आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस ८४. डीआय रेझिन जोडून घेतले आणि सांगितल्याप्रमाणे सहा दिवस पाणी बदलले. आज दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने अकरापैकी सात पॉलिप उमलले. हिरवी कडा पुन्हा स्पष्ट दिसते आहे. दगडाच्या बाजूचे चार अजून मिटलेले आहेत, त्यांना आणखी आठवडाभर न हलवता तसेच ठेवतो. कठीण प्रवाळ नको, असे दुकानदाराला कळवले आहे.