मॉनिटरवर पांढरा पिवळा आणि निळा काळा दिसतो: बिघाड पॅनेलचा की केबलचा?

प्रश्न
माझा जुना एलसीडी मॉनिटर व्हीजीए केबलने (चित्राचा संकेत नेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केबलने) संगणकाला जोडलेला असून त्यावर मी लग्नपत्रिका आणि हँडबिलांची मांडणी करतो. गेल्या आठवड्यापासून पडद्यावरचा पांढरा भाग गर्द पिवळा, निळी अक्षरे जवळजवळ काळी आणि राणी रंग सरळ लाल दिसतो. नाइट लाइट (पडद्यावरचा निळा कमी करणारी संगणकातील सोय) बंद केले, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकला, तरी फरक पडला नाही. दुरुस्तीवाल्यांनी मॉनिटर न उघडताच पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, गेल्याचे सांगितले. नवा मॉनिटर घेण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

उत्तर १
आपण दिलेल्या वर्णनावरून पॅनेलपेक्षा केबलवर संशय अधिक जातो. पडद्यावरचे सगळे रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून बनतात. पांढऱ्यातून निळा वजा झाला की पिवळा उरतो, राणी रंगातून वजा झाला की लाल उरतो आणि शुद्ध निळ्यात काहीच उरत नाही; म्हणजे तिन्ही लक्षणे निळा संकेत पोहोचत नसल्याचीच आहेत. नाइट लाइटही निळा कमी करते, पण ते आपण आधीच बंद केले आहे.

खात्री करण्यासाठी मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. तो संगणकाकडून येत नाही, मॉनिटरच तयार करतो. त्यामुळे त्यातील पांढरा आणि निळा रंग स्वच्छ दिसत असतील, तर पॅनेल शाबूत आहे आणि दोष केबल, जोडणी किंवा ग्राफिक्स पोर्ट यांपैकी एकात आहे. पॅनेल बदलायला सांगण्यापूर्वी निदान एवढे तरी पाहायला हवे होते.

मग संगणक बंद करून केबल काढा आणि पिना उजेडात पाहा. व्हीजीएमध्ये १५ पिना असतात. पहिली लाल, दुसरी हिरवा आणि तिसरी निळा संकेत नेते. तिसरी वाकली किंवा आत दबली असण्याची शक्यता मोठी आहे.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त एक पुरवणी. काही केबलमध्ये नववी पिन मुळातच नसते. ती जागा रिकामी दिसली म्हणून केबल खराब ठरवू नये. वाकलेली पिन बारीक चिमट्याने हळूहळू सरळ करता येते, मात्र ती एकदा तुटली की केबल बदलणेच सोयीचे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
मॉनिटरच्या मेनूतील रंग व्यवस्थित होते आणि तिसरी पिन खरोखरच आत दबलेली होती. संगणक आणि मॉनिटर दोन्हींना एचडीएमआय हे नवे पोर्ट असल्याने व्हीजीएऐवजी एचडीएमआय केबल लावली. निळा परतला, परंतु आता काळा रंग राखाडी आणि चित्रे फिकट वाटतात. ही केबलही सदोष असेल का?

उत्तर १
बहुधा नाही. १९२०×१०८० हे टीव्हीचेही रिझोल्यूशन असल्यामुळे एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजते आणि ० (काळा) ते २५५ (पांढरा) या पूर्ण पल्ल्याऐवजी १६ ते २३५ एवढ्याच पल्ल्यात रंग पाठवते. मॉनिटर मात्र पूर्ण पल्ला गृहीत धरतो. म्हणून १६ हा काळा राखाडी आणि २३५ हा पांढरा किंचित मळकट दिसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ फुल करा. एएमडीमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’खाली फुल आरजीबी निवडा. तिथे पर्याय नसेल, तर मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज या नावाने तो आढळू शकतो. बदल एकाच बाजूला करा, कारण दोन्हीकडे बदलल्यास ग्राफिक्स कार्ड फुल आणि मॉनिटर लिमिटेड (१६ ते २३५) होऊन गडद छटांमधील बारकावे काळ्यात बुडतात.